रिकाम्या खुर्चीचं उत्तर

१

खुर्ची चोरीला गेली म्हटल्यावर आधी सगळे हसलेच.

हसण्यासारखंच होतं म्हणा. लोकांच्या मनाची दुखणी विनामूल्य ऐकून घेणारी ती एक छोटी संस्था. खाली हॉल, वर तीन खोल्या, मधे वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. तिथे चोरण्यासारखं होतं तरी काय? कॉम्प्युटर जागच्या जागी, फोन जागच्या जागी, आणि गेली काय, तर कोपऱ्यातल्या खोलीतली जुनी लाकडी खुर्ची. तिचा एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड होता आणि ती बसणाऱ्याला क्षणाक्षणाला त्याची आठवण करून द्यायची.

ताई मात्र हसल्या नाहीत. ताई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या समुपदेशक. दुसऱ्याचं तासभर शांतपणे ऐकून घेतील, पण स्वतःची किल्ली सापडली नाही की इमारत डोक्यावर घेतील. त्या सकाळी त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या. ते बघून बाकीच्यांचं हसू हळूहळू मावळलं.

त्या खुर्चीचं महत्त्व ताईंशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि सांगायची सोय नव्हती. खोलीत बोललेलं खोलीतच राहायचं, हा तिथला पहिला नियम.

दर बुधवारी दुपारी तिथे एक निवृत्त दंतवैद्य यायचे. जन्मभर लोकांना "तोंड उघडा, अजून मोठं" म्हणत आलेला माणूस. बायको गेल्यापासून स्वतःचं तोंड उघडेना. लेक गाडीतून आणायची, बाहेर बाकावर बसून मुलांचे पेपर तपासायची, तास संपला की घेऊन जायची. कितीतरी बुधवार डॉक्टर नुसते काठीच्या मुठीकडे बघत बसले. मग एकदा ताईंनी ती खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "माझ्याशी नका बोलू, डॉक्टर. त्या इथे बसल्या आहेत असं समजा. त्यांच्याशी बोला."

डॉक्टर काठी टेकत उठले. त्यांनी कोपऱ्यातली उशी आणून खुर्चीच्या पाठीशी लावली. "कंबर धरते तिची." मग वर बघितलं. "पंखा बंद करा. तिला सहन होत नाही." आणि परत जागेवर बसून म्हणाले, "काय गं." एवढंच बोलले आणि ढसाढसा रडले.

त्यानंतर दर बुधवारी आधी उशी, मग पंखा बंद, मग गप्पा, असा क्रमच पडून गेला. भर उन्हाळ्यात दोघं घामाने निथळत बसायची. आणि काल, म्हणजे खुर्ची गेल्याचं कळलं त्याच्या आदल्या दिवशी, डॉक्टर मुद्द्यावर आले होते. नवराबायकोत शेवटी शेवटी भांडण झालं ते पंख्यावरून. ह्यांना पंख्याशिवाय झोप नाही, तिला पंख्याने अंग दुखे. एका रात्री ती उशी घेऊन शेजारच्या खोलीत झोपायला गेली, ती सकाळी उठलीच नाही. काल डॉक्टरांनी खुर्चीला विचारलं, "रागावून गेलीस का गं त्या खोलीत?"

आता पुढची पायरी अशी, की डॉक्टरांनी उठून स्वतः त्या खुर्चीत बसायचं आणि तिच्या जागेवरून उत्तर द्यायचं. ताईंनी त्यांना तसं सांगितलं, आणि नेमका तेव्हाच हेल्पलाइनचा फोन वाजला. तो घ्यायचं प्रशिक्षण झालेलं दुसरं कुणी तेव्हा नव्हतं, आणि तो फोन वाजत ठेवता येत नाही. ताई धावल्या.

प्रश्न तसाच राहिला. पुढच्या बुधवारी डॉक्टर येणार, आणि समोर खुर्चीच नाही! एवढ्या कष्टाने उघडलेलं ते तोंड पुन्हा मिटलं तर?

२

पहिला संशय अर्थातच खजिनदारांवर. हे गृहस्थ गेलं वर्षभर त्या खुर्चीच्या वाईटावर होते. कुणीतरी देणगी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या त्यांनी हॉलमध्ये रचून ठेवल्या होत्या आणि जुनं लाकूड कधी एकदा भंगारात जातंय असं त्यांना झालं होतं.

"ताई, तुम्ही माझ्याकडे अशा बघू नका," खजिनदार आधीच म्हणाले.

"कशी बघतेय?"

"पेशंटकडे बघता तशी."

"म्हणजे तुम्हाला वाटतंय की मी तुमच्यावर आरोप करतेय."

"बघा! हेच ते!" खजिनदारांनी हात जोडले. "अहो, मी भंगारवाल्याला बोलावलं असतं तर तिच्या जोडीची दुसरी शाबूत ठेवली असती का? आणि ते कपाट? आणि तुमचं ते रडकं टेबल? मी एकदा हात घातला की खोली रिकामी करणारा माणूस आहे."

हे मात्र खरं होतं. खजिनदार अर्धवट काम करणाऱ्यांतले नव्हते.

मग मावशी. संस्थेची झाडलोट मावशींकडे, आणि त्या खुर्चीशी त्यांचं उघड वैर. "कुरकुरते मेली. हलवावी तर कुरकुर, पुसावी तर कुरकुर."

"मग मावशी, तुम्ही कुठे ठेवली तर नाहीत?"

"मी? काल इथे लग्नघर झालं होतं नुसतं! खाली स्वयंसेवकांची सभा, वरच्या खुर्च्या खाली, खालच्या वर. जो तो डोक्यावर खुर्ची घेऊन फिरतोय. मी काय प्रत्येकाचं तोंड बघत बसू?" मावशी झाडू टेकवून थांबल्या. "पण ताई, एक कळत नाही. तुमची ती उशी. मी दोन दिवसाआड उन्हात घालते. ती पण नाहीये."

ताईंनी कान टवकारले. खुर्ची सभेच्या गोंधळात इकडची तिकडे जाऊ शकते. पण सभेला खुर्ची नेणारा माणूस उशी खाली ठेवून जाईल. उशी बरोबर गेली, म्हणजे नेणाऱ्याला नुसतं लाकूड नको होतं. ज्याला त्या उशीचा अर्थ कळत होता, त्याने नेली.

आणि उशीचा अर्थ दोघांनाच ठाऊक. एक ताई, दुसरे डॉक्टर.

दोघी हॉलमध्ये जाऊन सगळ्या खुर्च्या पालथ्या घालून आल्या. खुर्ची मिळाली नाही. खिडकीत जुना रेडिओ तेवढा मिळाला. हा रेडिओ एरवी कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराबाहेर हळू आवाजात चालू असायचा, आतलं बोलणं बाकावरच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "सभेच्या आधी गाणी लावायला नेला असेल कुणी," मावशी म्हणाल्या. ताईंनी तो काखोटीला मारला, वर नेऊन जागेवर ठेवला, आणि त्याचा विचारही केला नाही.

त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं. डॉक्टरांनीच नेली असेल का? पण काठीशिवाय ज्यांना दोन पायऱ्या उतरवत नाहीत, ते जिन्यावरून खुर्ची नेणार कशी?

३

दोन दिवसांनी डॉक्टरांची लेक आली. एकटीच. ती शाळेत गणित शिकवायची. बोलणंही तसंच, पायरी पायरीने आणि शेवटी खाली रेघ मारून.

"मॅडम, बाबांचं हे बंद करू या."

"डॉक्टर तसं म्हणाले?"

"बाबा काय म्हणणार? घरी चकार शब्द काढत नाहीत. मी रोज जाते, स्वयंपाक करते, समोर बसते. मीठ हवं तरी बोटाने दाखवतात. आणि तुम्ही त्यांना या उकाड्यात पंखा बंद करून रिकाम्या खुर्चीपुढे बसवता. असं बोलून माणूस परत येतं का?"

"नाही येत," ताई म्हणाल्या.

"मग?"

"राहिलेलं बोलणं होतं. तेवढंच."

लेकीने ओठ घट्ट मिटून घेतले. वडिलांचीच सवय. "आणि समजा, खुर्चीने चुकीचं उत्तर दिलं तर? जन्मभर ते खरं धरून बसायचं?"

ताई काही बोलणार, तोवर ती पर्स उचलून जिन्याकडे गेली होती. जाताजाता मात्र एक विचित्र गोष्ट झाली. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं, आत मोकळी जागा दिसत होती. कुणीही आलं की आत डोकावून "अरे, इथली खुर्ची?" म्हणायचंच, दोन दिवस हाच उद्योग चालू होता. ही बाई दारासमोर आल्यावर मान फिरवून, दुसऱ्या बाजूला बघत गेली.

ताईंना त्या क्षणी राग आला, फक्त राग. 'बुधवारी आणणार नाही म्हणाली तर?' याच काळजीने त्यांना दुसरं काही सुचेना. बाईंचं बोलणं त्यांच्या कानात अडकून राहिलं, पण काय अडकलंय ते कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

४

संध्याकाळी थीसिस चहा घेऊन आला. हा त्यांचा तरुण सहकारी. दर दुसऱ्या वाक्यात "माझ्या थीसिसमध्ये" म्हणायचा, म्हणून हे नाव पडलं. फोन आला तेव्हा सत्र संपवायला ताईंनी यालाच आत पाठवलं होतं.

"नीट आठवून सांग. आत गेलास तेव्हा काय होतं?"

"आजोबा रडत होते. मी पाणी दिलं. जरा बसलो. मग म्हटलं, आज एवढंच, पुढच्या बुधवारी ताई भेटतील. हात धरून खाली नेलं, गाडीत बसवलं."

"आणि खुर्ची?"

"खुर्चीचं काय?"

"उठवलीस का?"

थीसिस गोंधळला. त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ही ताईंची स्वतःची पद्धत. तास संपताना त्या डॉक्टरांना "आता निरोप घ्या" म्हणायच्या. ते "ये हं" म्हणाले की ताई उशी काढायच्या, खुर्ची भिंतीपाशी नेऊन स्वतः तिच्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "आता ही नुसती खुर्ची." ज्याला बसवलं त्याला उठवल्याशिवाय खोली सोडायची नाही. शिकाऊ मुलांना त्या हे शंभरदा सांगत, आणि बुधवारी, फोनच्या घाईत, स्वतःच विसरल्या होत्या.

म्हणजे डॉक्टरांची बायको उशीला टेकून, तो प्रश्न समोर घेऊन, रिकाम्या खोलीत तशीच बसून राहिली होती. ताईंच्या हातातला कप खाली ठेवला गेला.

"लेक कुठे होती तेव्हा?"

"बरोबरच होती. गाडीपाशी आलो तेव्हा म्हणाली, बाबांचा चष्मा वर राहिला, आणि परत वर गेली. मी सभेला गेलो." थीसिस डोकं खाजवू लागला. "आता आठवलं म्हणून सांगतो, गंमतच आहे. मी गाडीचं दार लावलं तेव्हा चष्मा आजोबांच्या नाकावरच होता."

ताई उठून दाराबाहेर गेल्या. रेडिओ हळू आवाजात बडबडत होता. त्यांनी तो बंद केला आणि बाकावर जाऊन बसल्या. "आत जाऊन काहीतरी बोल रे. दार लावून घे."

"काय बोलू?" आतून थीसिसचा आवाज आला. अगदी स्पष्ट, शेजारी बसल्यासारखा. "ताई? ऐकू येतंय का? माझ्या थीसिसमध्ये..."

बस्स. सगळं जागेवर बसलं. घरी डॉक्टर चकार शब्द काढत नाहीत, मग रिकाम्या खुर्चीचं लेकीला सांगितलं कुणी? पंखा बंद असतो हे कसं कळलं? बुधवारी दाराबाहेर रेडिओच नव्हता. बाकावर बसून तिने सगळं ऐकलं होतं, तो प्रश्न आणि पुढची पायरीसुद्धा. मग चष्म्याचं निमित्त करून वर गेली. आईची कंबर धरते हे लेकीला नाही कळणार तर कुणाला? खाली जो तो खुर्ची घेऊन फिरत होता, त्यात आणखी एक बाई. गाडीच्या डिकीत टाकली, पुढे बसलेल्या वडिलांना पत्ता नाही. आणि आज दारासमोर मान फिरवली, कारण आत काय दिसणार हे तिला माहीत होतं.

कोणी नेली ते कळलं. पण का? नुसती माया असती तर उशी नेली असती. खुर्चीच नाहीशी करायची म्हणजे कुणाला तरी तिच्यात बसू द्यायचं नव्हतं.

ताईंनी फोन लावला. "मी बोलतेय. सहज विचारायचं होतं. त्या दिवशी विसरलेला चष्मा सापडला का?"

पलीकडून एक हुंदका ऐकू आला.

५

ती दुसऱ्याच दिवशी आली आणि वडील बसायचे त्याच खुर्चीत बसली. ताईंनी बाहेर जाऊन रेडिओ चालू असल्याची आधी खात्री करून घेतली.

"पोलिसांत देणार का मला?"

"आखूड पायाच्या खुर्चीसाठी? पोलीस मलाच हसतील." ताई थांबल्या. "चूक आधी माझी. त्यांना बसवलं आणि उठवायचं विसरले. बोला तुम्ही."

"आत आले आणि बघितलं, तर उशी अशी लावलेली... बाबांनीच लावलेली, तिरकी. आईला तशीच लागायची." तिने डोळे पुसले नाहीत. "पण मी त्यासाठी नाही नेली. पुढच्या बुधवारी बाबा त्या खुर्चीत बसणार आणि म्हणणार, हो, मी रागावून गेले. मला माहीत आहे ना बाबा! ते स्वतःला कधी सोडणार नाहीत. ते उत्तर चूक आहे, मॅडम. आणि बरोबर उत्तर फक्त मला ठाऊक आहे."

ताई जरा पुढे सरकून बसल्या.

"आई रागावली नव्हती. तिने मला संध्याकाळी फोन केला होता. म्हणाली, ह्यांना पंख्याशिवाय झोप लागत नाही आणि माझ्यापायी मध्यरात्री उठून बंद करतात, घामाघूम होऊन पडून राहतात, मग दिवसभर चिडचिड. काय करू गं? मी पेपर तपासत होते. म्हटलं, एवढं काय त्यात? तू दुसऱ्या खोलीत झोप. मिटलं." तिने खाली बघितलं. "मी सांगितलं म्हणून ती गेली. शेजारी असती तर बाबांना कळलं असतं. त्यांनी कुणाला तरी बोलावलं असतं. मीच तिला एकटीला झोपायला पाठवलं."

"हे कुणाला सांगितलंत?"

"खुर्चीला. माझ्या घरी नेऊन ठेवली, उशी लावली, रोज समोर बसले. तोंडातून शब्द फुटला नाही." ती कसनुशी हसली. "तुम्ही सांगाल का बाबांना?"

"नाही."

"का?"

"मला ते कळलंच नाहीये. खोलीत बोललेलं खोलीतच राहतं. तुम्हीच सांगायचं."

"ते पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत."

"आता तरी कुठे बोलतात?" ताई हळूच म्हणाल्या. त्यावर मात्र लेक खरंच हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. ताईंनी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला आणि तास संपला तरी घड्याळाकडे बघितलं नाही.

६

बुधवारी डॉक्टर आले. मागून लेक आली, कडेवर मूल घ्यावं तशी ती खुर्ची घेऊन. मावशींनी तोंडावर हात ठेवला. खजिनदार काही बोलणार होते, ताईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि ते हिशेब बघायला निघून गेले.

आत ताईंच्या खुर्चीसमोर तीन खुर्च्या मांडल्या. डॉक्टरांची, आईची, आणि लेकीसाठी खजिनदारांची प्लास्टिकची. डॉक्टरांनी सवयीने उशी लावली. वर बघितलं. ताईंनी पंखा बंद केला.

"डॉक्टर, गेल्या वेळी तुम्ही एक प्रश्न विचारला होता," ताई म्हणाल्या. "आज त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. ज्यांच्याकडे आहे त्या आल्या आहेत."

लेकीने सांगायला सुरुवात केली ती खुर्चीकडे बघून. फोन, पंखा, घामाघूम, सगळं. "मीच म्हटलं, दुसऱ्या खोलीत झोप" इथवर आली आणि अडली. मग तिने मान वळवून वडिलांकडे बघितलं. "बाबा, आई रागावून नाही गेली. तुम्हाला झोप लागावी म्हणून गेली. मी पाठवली. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

डॉक्टरांनी काठी बाजूला ठेवली.

"मला झोप लागावी म्हणून," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. मग हात पुढे करून त्यांनी लेकीचा हात ओढून घेतला. "वेडी आहेस का तू? एवढं ओझं घेऊन रोज माझ्यासाठी पोळ्या लाटत होतीस?"

"तुम्ही बोलतच नव्हतात."

"बोललो असतो तर काय बोललो असतो? वाटायचं, तुझ्या आईला मीच घालवली. तुला तोंड कसं दाखवू?"

दोघं बराच वेळ रडली. अधूनमधून एकमेकांना "पुरे आता" म्हणायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

मग ताई उठल्या. राहिलेलं काम करायचं होतं. "डॉक्टर, निरोप घ्या."

डॉक्टरांनी खुर्चीकडे बघितलं. "ये हं," ते म्हणाले. "जपून जा." लेकीनेही ओठ हलवले, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ताईंनी उशी काढली, खुर्ची भिंतीपाशी नेली आणि तिच्यावर बसल्या. खुर्ची कुरकुरली.

"आता ही नुसती खुर्ची," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली. चष्मा काढून पुसला. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, मान पुसली, सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. ती गेल्यापासून घरीसुद्धा त्यांनी पंख्याच्या बटणाला हात लावला नव्हता, हे लेकीला ठाऊक होतं.

"काय गं," ते लेकीला म्हणाले, "पंखा लाव ना जरा. फार उकडतंय."

लेक उठली आणि तिने बटण दाबलं.